टळलेला मुहूर्त

१९०२ सालच्या जून महिन्यात लंडन शहर सणासारखे सजले होते. राणी व्हिक्टोरियाच्या मागून तिचा मुलगा सातवा एडवर्ड गादीवर आला होता आणि २६ जूनला त्याचा राज्याभिषेक व्हायचा होता. देशोदेशींचे राजेरजवाडे ह्या सोहळ्यासाठी निघाले होते. आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराजही त्यासाठीच त्या वर्षी विलायतेला गेले होते. सोहळ्याला दोनच दिवस उरले असताना, २४ जूनला, जाहीर झाले की राजेसाहेबांच्या पोटात आंत्रपुच्छाच्या जागी गळू झाले आहे. सर फ्रेडरिक ट्रीव्हज नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच दिवशी बकिंगहॅम राजवाड्यात ते कापून पू काढला, राजा वाचला, आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टवर गेला.

शस्त्रक्रियेसाठी उत्सव पुढे ढकलल्याची एवढी मोठी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही. उलट प्रकारच्या गोष्टी मात्र हव्या तितक्या मिळतात. सणामुळे, पावसामुळे, संपामुळे, रक्ताच्या एका बाटलीमुळे किंवा निव्वळ एका कप चहामुळे शस्त्रक्रिया पुढे गेल्याच्या कहाण्या बोरिवली-मुलुंडच्या कोणत्याही चाळीत वा सोसायटीत विचारा, चार तरी ऐकायला मिळतील. आणि प्रत्येक कहाणीच्या शेवटी एकच उद्गार निघतो : “अहो, तारीख दिली होती, तरी केले नाही!”

तारीख दिली होती, हाच ह्या प्रकरणाचा गाभा आहे. अपघातात पाय चिरडलेल्या माणसाला कोणी तारीख देत नाही. त्याला तसाच आत नेतात. तारीख मिळते ती हर्नियाला, मोतीबिंदूला, पित्ताशयातल्या खड्यांना, झिजलेल्या गुडघ्याला, गर्भाशयातल्या गाठीला. माणूस त्या तारखेभोवती आपले घर मांडतो. रजा काढतो, गावाहून बहिणीला बोलावून घेतो, मुलांच्या डब्याची सोय करतो, आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहतो. मग सकाळी अकराच्या सुमारास कोणीतरी येऊन सांगते की आज होत नाही. हे असे का होते, ह्याची साधी उत्तरे लोकांजवळ तयार असतात : डॉक्टर बेफिकीर, नोकरवर्ग कामचुकार, गरिबाला वाली नाही. ह्या उत्तरांत तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मला इतिहास वाचण्याचा नाद आहे, आणि ह्या प्रश्नाच्या मागे मागे जात असताना मला निराळेच उत्तर हाती लागले.

त्यासाठी पुष्कळच मागे जायला हवे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नाव आहे ‘अग्रोपहरणीय’. अग्र म्हणजे आधी आणि उपहरण म्हणजे आणून ठेवणे. शस्त्रकर्म करू इच्छिणाऱ्या वैद्याने आधी काय काय जवळ आणून ठेवावे, ह्याची त्यात यादीच आहे. यंत्रे आणि शस्त्रे, क्षार आणि अग्नी, जळवा, कापूस, वस्त्राच्या पट्ट्या, सूत, मध, तूप, दूध, तेल, पंखा, थंड पाणी, ऊन पाणी, कढई. आणि सर्वांत शेवटी माणसे, म्हणजे रोग्यावर माया असणारे, न डगमगणारे आणि अंगात बळ असलेले परिचारक. तिथी-नक्षत्र शुभ पाहावे असेही तेथे सांगितले आहे. बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वी रोग्याला हलके अन्न द्यावे, पण मूळव्याध, मुतखडा, भगंदर, उदर, तोंडाचे रोग आणि अडलेले मूल ह्यांसाठी मात्र तो उपाशी असावा, असा बारकावाही आहे.

ह्या अध्यायाचे मला फार कौतुक वाटते. कापणे ही शेवटची गोष्ट. तिच्याआधी जमवाजमव, हे त्या प्राचीन शस्त्रवैद्याने पक्के ओळखले होते. शस्त्रक्रिया ही एकट्या हाताची करामत नसून दहा-वीस गोष्टी एका घटकेला एका जागी येण्याचा योग आहे. एक गोष्ट जरी आली नाही, तरी तो योग टळतो.

मधल्या काळात ही यादी फार आखूड झाली होती. सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपात शस्त्रक्रियेला एक मजबूत टेबल, एक धारदार सुरी आणि रोग्याला दाबून धरायला चार धटिंगण एवढे पुरत असे. भूल नव्हतीच. सॅम्युएल पेपीस ह्या इंग्रज रोजनिशीकाराचा मुतखडा २६ मार्च १६५८ रोजी अशाच रीतीने काढला गेला, आणि त्यातून जिवंत उठल्याच्या आनंदात तो दरवर्षी त्या दिवशी मेजवानी करण्याचा प्रघात पाळी. लंडनचा रॉबर्ट लिस्टन तीन मिनिटांच्या आत मांडीपासून पाय वेगळा करीत असे, अशी त्याची ख्याती होती. त्या काळी शस्त्रक्रिया टळायची ती बहुधा एकाच कारणाने : रोग्याचा धीर सुटला म्हणून. सुरी दिसताच माणूस उठून पळे आणि त्याला दोष द्यायला कोणी धजत नसे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे मॉर्टन ह्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला निजवले, आणि एका सुन्न झालेल्या माणसावर लोकांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी ही विद्या हिंदुस्थानात येऊन पोचली. वेदना गेल्या, घाई गेली, आणि शस्त्रवैद्याला सावकाश, नीट काम करण्याची सवड मिळाली. पण त्याच दिवशी यादीत एका नव्या माणसाची भर पडली. भूल देणारा जाणकार नसेल तर आता सुरीला हात लावता येईना. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच गतप्राण झाली. भूल हा खेळ नव्हे, हे जगाला कळले.

पुढे यादी वाढतच गेली. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक उपचारपद्धती मांडली. त्यातून पुढे स्वच्छ धुतलेले, वाफेवर निर्जंतुक केलेले कपडे आणि हत्यारे अपरिहार्य झाली, म्हणजे धोबीखाना, बॉयलर आणि मुबलक पाणी आले. १९०१ साली लँडस्टायनरने रक्ताचे गट शोधले; त्यामागून जुळणारे रक्त हाताशी असणे आले. १९४६ साली मेंडेलसन ह्या अमेरिकन डॉक्टरने दाखवून दिले की गुंगीत असताना पोटातले अन्न किंवा आंबट रस फुप्फुसात उतरला तर तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे रिकाम्या पोटाचा नियम कडक झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रोग्यांचा श्वास दिवसरात्र हाताने चालू ठेवला; त्यातून अतिदक्षता विभागाची कल्पना जन्माला आली, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तिथली एक रिकामी खाट हवीच, असे झाले.

ह्यातली एकही गोष्ट वगळावी असे कोणी म्हणणार नाही. ह्या प्रत्येकीने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकीबरोबर ‘आज होत नाही’ म्हणण्याचे एक नवे कारण जन्माला आले. शस्त्रक्रिया जसजशी निर्धोक होत गेली तसतशी ती अडण्याची कारणे वाढत गेली. मला सापडलेले उत्तर ते हेच. रद्द झालेली शस्त्रक्रिया ही शस्त्रविद्येच्या प्रगतीचीच सावली आहे. मात्र सावली किती लांब पडू द्यायची, हे आपल्या हातात असते. आणि आपल्या उपनगरांत ती फार लांब पडली आहे.

त्याचे कारण मुंबईच्या वाढीत आहे. ह्या शहराची मोठी रुग्णालये बेटावर वसली. जे. जे. १८४५ साली भायखळ्याला उभे राहिले, के. ई. एम. १९२६ साली परळला. नायर मुंबई सेंट्रलला, आणि १९४७ साली सुरू झालेले लोकमान्य टिळक रुग्णालय बेटाच्या अगदी कडेला, शीवला. तेव्हा ते योग्यच होते, कारण माणसे तिथेच राहत होती. १९५१ च्या जनगणनेत बेटावर सुमारे २३ लाख माणसे होती आणि उपनगरांत त्यांच्या एक तृतीयांशही नव्हती. १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ साली बोरिवली, मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला, त्या वेळी ह्या भागांत अजून भातशेती, वाड्या आणि मिठागरे होती. मग माणसांचा ओघ उलटा फिरला. २०११ च्या जनगणनेत बेटावरच्या जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे भरली, तर उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक!

माणसे उत्तरेला सरकली, पण रुग्णालये जागची हलली नाहीत. घाटकोपरला राजावाडी, विलेपार्ल्याला कूपर, बोरिवलीला भगवती, मुलुंडला अगरवाल अशी महापालिकेची इस्पितळे उभी राहिली आणि त्यांनी फार मोठा भार उचलला, आजही उचलत आहेत. परंतु वैद्यकीय महाविद्यालय जोडलेल्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांची जी फौज रात्रंदिवस हजर असते, ती ह्यांच्यापाशी नव्हती. उपनगरांतील महापालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय कूपरमध्ये सुरू झाले ते २०१५ साली. जेथे भूल देणारे डॉक्टर मोजकेच, तेथे एक आजारी पडला की अख्ख्या दिवसाची यादी आजारी पडते.

माझ्या एका मामांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात तिन्ही प्रकारची कारणे एका माळेत ओवली गेली आहेत. मामा उपनगरात राहणारे, खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने पापभीरू. त्यांना हर्नियाचा त्रास सुरू झाला आणि एका सार्वजनिक इस्पितळात तारीख मिळाली. पहिल्या खेपेला टेबलावर घेण्यापूर्वी रक्तदाब मोजला तो भलताच चढलेला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, आज नाही करायचे. पंधरा दिवस गोळ्या घ्या, मग या.” मामा हिरमुसून घरी आले.

दुसऱ्या खेपेला रक्तदाब अगदी शहाण्यासारखा वागला, पण आदल्या रात्री रस्त्यावर मोठा अपघात होऊन सहा-सात जखमी आले होते. सकाळपर्यंत थिएटर त्यांच्यातच अडकलेले. मामांचा क्रमांक चौथा होता. दुपारी दोनपर्यंत दुसराच चालू होता. संध्याकाळी चार वाजता नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, “काका, जेवून घ्या आता.” त्या वाक्याचा अर्थ कळायला मामांना थोडा वेळ लागला.

तिसऱ्या खेपेचे कारण तर घरातच होते. आदल्या खेपेला दिवसभर उपाशी राहून मामांना घेरी आली होती, म्हणून मामींना त्यांची दया आली. सकाळी सहा वाजता त्यांनी थर्मासमधून अर्धा कप दुधाचा चहा आणि दोन बिस्किटे हळूच दिली. “नुसता चहा तर घेतला, जेवण कुठे केले?” असे मामा मोठ्या प्रामाणिकपणाने डॉक्टरीणबाईंना सांगू लागले, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच त्यांचे नाव यादीतून खाली गेले. चौथ्या खेपेला शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली, आणि आज मामा ठणठणीत आहेत. मात्र त्या अडीच महिन्यांत त्यांच्या मुलाच्या चार दिवसांच्या पगारी रजा संपून तीन दिवस बिनपगारी गेले, आणि गावाहून मदतीला आलेली मावशी दोनदा येऊन परत गेली. ह्या खर्चाची नोंद कोणत्याही इस्पितळाच्या वहीत होत नाही.

ह्या तिन्ही खेपांतील पहिली खेप टळली ती मामांच्याच हितासाठी. त्या डॉक्टरीणबाईंनी ‘होऊ द्या’ म्हटले असते तर कदाचित मामीवर भलताच प्रसंग आला असता. तिसरी टळली ती अज्ञानामुळे. भरल्या पोटी भूल का देत नाहीत हे कोणी चार वाक्यांत समजावून सांगितले असते, तर ती टळली नसती. खरा विचार करायला लावणारी आहे ती दुसरी, कारण तिथे चूक कोणाचीच नाही.

तातडीचा रोगी आला की ठरलेल्याने मागे सरायचे, हा वैद्यकाचा जुना धर्म आहे आणि तो योग्यच आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात; हातपाय गमावून वाचणारे निराळेच. ती सर्व माणसे प्रथम जवळच्या सार्वजनिक इस्पितळात येतात. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळला, १७ माणसे गेली, आणि जखमींची रांग राजावाडीत लागली. अशा रात्री हर्नियाची यादी हातात घेऊन कोणी बसत नाही.

तातडी म्हणजे काय असते, ह्याचे आपल्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला आणि त्यांना ससून रुग्णालयात आणले. मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता ह्या आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांची नावे त्यांनी सुचवली होती. पण ते वेळेत पोचणे शक्य नव्हते आणि थांबणे धोक्याचे होते. तेव्हा त्यांनी इंग्रज शस्त्रवैद्य कर्नल मॅडॉक ह्यांना संमती लिहून दिली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मध्येच विजेचे दिवे गेले. हातातली बॅटरीही दगा देऊ लागली, आणि अखेर कंदिलाच्या उजेडात ते काम पुरे झाले. फेब्रुवारीत सरकारने गांधीजींची सुटका केली, आणि मार्चमध्ये ते हवापालटासाठी येऊन राहिले ते आपल्या उपनगरातच, जुहूच्या समुद्रकाठी.

कंदिलाच्या उजेडात सुरू ठेवता येते ती तातडीची शस्त्रक्रिया. ठरलेल्या शस्त्रक्रियेला तो परवाना नाही, आणि नसावाच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासची वीज एकाएकी गेली, तेव्हा इस्पितळांना जनरेटरचा आसरा घ्यावा लागला. जनरेटर चालू असताना श्वासयंत्रे चालवायची की गुडघा बदलायचा, ह्याचे उत्तर कोणालाही देता येईल.

आता जी कारणे इस्पितळाच्या भिंतींबाहेर जन्म घेतात त्यांच्याकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते बंद. डॉक्टर डोंबिवलीत, परिचारिका विरारला आणि रोगी कुर्ल्याला गळाभर पाण्यात, अशा शहरात कोणती यादी चालणार? २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात तर परळच्या के. ई. एम.च्या तळमजल्यावर पाणी शिरून रोग्यांना वर हलवावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांना झालेल्या मारहाणीच्या निषेधार्थ राज्यातील निवासी डॉक्टरांनी सामुदायिक रजा घेतली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्यातील एका तरुण डॉक्टर महिलेच्या हत्येनंतर पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा तातडीची सेवा चालू राहिली आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. डॉक्टरांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या रागाची किंमत मोजणारे लोक यादीतले होते, हेही खरे. १७ डिसेंबर २०१८ रोजी मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, माणसे दगावली, आणि त्यानंतर ते रुग्णालय दीर्घकाळ बंद पडले. अंधेरीच्या कारखान्यांतील विमाधारक कामगारांनी आपल्या तारखा घेऊन कोठे जायचे, हा प्रश्न धुरासारखा मागे राहिला.

आणि मग २०२० साल आले. त्या मार्चमध्ये केंद्र सरकारने इस्पितळांना सांगितले की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. मरोळचे सेव्हन हिल्स करोनाचे इस्पितळ झाले. मुलुंड, दहिसर, गोरेगाव येथे मोठमोठ्या मांडवांत खाटा मांडल्या गेल्या. जगभरातील शस्त्रवैद्यांच्या एका गटाने त्या वेळी अंदाज बांधला की साथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील वा पुढे जातील. इतिहासात एका झटक्यात टळलेले एवढे मुहूर्त क्वचितच असतील. ज्यांची गाठ साधी होती ते थांबू शकले. ज्यांची साधी नव्हती आणि जे तरीही थांबले, त्यांची गणती होणे अवघड आहे.

परंतु महापूर आणि महामारी ही काही रोजची गोष्ट नव्हे. रोजच्या दिवशी काय होते? दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ह्याची पाहणी झाली होती आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. यादीतल्या दर शंभर शस्त्रक्रियांपैकी सुमारे तीस ऐन दिवशी रद्द होत होत्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रद्द होण्याचे कारण इतके साधे होते की ते वाचून मी थबकलो : वेळ संपली! आधीच्या शस्त्रक्रिया लांबल्या आणि थिएटरचा दिवस उरला नाही. रोग्याची प्रकृती बिघडल्यामुळे रद्द झालेल्या त्या मानाने थोड्या. म्हणजे सकाळी यादी लिहितानाच तिच्यात मावणार नाहीत इतकी नावे लिहिली जात होती. दोष लिहिणाऱ्याच्या हाताचा म्हणावा, तर बाहेर रांग एवढी लांब की कोणाचे नाव गाळायचे हा त्याच्यापुढे प्रश्न. आपल्याकडे कागदाचे कारणही आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आपल्या जिल्ह्यात सुरू झाली, पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि गोरगरिबांना तिचा मोठा आधार झाला; पण पूर्वमंजुरीचा कागद आला नाही की रोगी, डॉक्टर आणि खाट तिघेही तयार असून थांबतात.

सर्वांत शेवटी रक्ताची गोष्ट सांगतो, कारण ती दिवाळीशी निगडित आहे आणि मुंबईच्या अभिमानाचीही आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय पत्रात एका नव्या रक्तगटाची हकीकत प्रसिद्ध केली. ए, बी, ओ ह्यांपैकी कोणतेच रक्त ज्यांना चालत नाही अशी माणसे त्यांना मुंबईत सापडली होती. जगाने त्या गटाला आपल्या शहराचे नाव दिले : बॉम्बे रक्तगट. आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा तो असतो. अशा माणसाची ठरलेली शस्त्रक्रिया म्हणजे आधी दाता शोधणे, त्याला गाठणे, आणि तो मिळेपर्यंत थांबणे. इथे थांबणे हाच शहाणपणा.

पण ज्यांचा गट अगदी सर्वसामान्य, त्यांनी का थांबावे? पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक होते. त्यांच्या रक्तातून रोग पसरत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून तो व्यवहार बंद झाला. तेव्हापासून सारी भिस्त रक्तदान शिबिरांवर, आणि शिबिरे भरतात ती कचेऱ्यांत, महाविद्यालयांत, मंडळांत. मे महिन्यात आणि दिवाळीत ही सर्व ठिकाणे ओस पडतात. कोणी कोकणात, कोणी गुजराथेत, कोणी महाबळेश्वरी. रक्त तर साठवून ठेवून किती ठेवणार? लाल पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. म्हणून दरवर्षी ह्या दिवसांत रक्तपेढ्या हाका मारू लागतात, आणि एखाद्या बाईची गर्भाशयाची शस्त्रक्रिया ‘दिवाळीनंतर बघू’ ह्या शब्दांवर अडते. पाऊस आपल्या हातात नाही, आग आपल्या हातात नाही; हे एक कारण मात्र आपल्या दंडात आहे.

ठरलेली शस्त्रक्रिया कधीच रद्द होऊ नये, असे मागणे मी मागत नाही. त्यात रोग्याचाच घात आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचायची एक यादी तयार केली. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीही होती, ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून पाऊणच्या आसपास उतरले. ते वाचताना मला सुश्रुताच्या अग्रोपहरणीय अध्यायाची आठवण झाली. सर्व जमले आहे ना, हे पाहून मगच सुरी उचला. आणि जमले नसेल तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो जमवाजमव करण्याची जबाबदारी कोणाचीच नसण्यात, आणि उपाशी माणसाला कारण न सांगता घरी पाठवण्यात. रोग्याला दोन गोष्टींचा हक्क आहे : आज का झाले नाही ह्याचे खरे उत्तर, आणि पुढची तारीख. ह्या दोन गोष्टींना यंत्र लागत नाही, खाट लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. सुश्रुताच्या यादीतले मायाळू परिचारक तेवढे लागतात.

आणि आपण वाचकांनी काय करावे? घरातले कोणी शस्त्रक्रियेला निघाले असेल तर थर्मास घरी ठेवा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या नि कोणत्या नाही, हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. आणि वयाची अठरा पूर्ण होऊन पासष्टी न ओलांडलेले, वजनाने पंचेचाळीस किलोंच्या वर असलेले जे कोणी धडधाकट असतील, त्यांनी भाऊबीज झाली की जवळच्या रक्तपेढीत एक चक्कर टाकावी. फराळ करून जायला तिथे हरकत नाही; उलट उपाशी येऊ नका, असेच ते सांगतात.